काळं आणि करपलेलं

पौष लागला की नेरळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोपटीच्या जाहिराती यायला लागतात. कर्जतच्या बाजूची शेतघरं, झोपाळे, शेकोटी, रात्रीच्या मुक्कामाची सोय आणि 'अस्सल गावरान पोपटी'. फोटोत एक मडकं जाळावर उलटं ठेवलेलं असतं आणि भोवती स्वेटर घातलेली मंडळी हात शेकत हसत असतात. मडकं मात्र लालभडक, नुकतंच बाजारातून आणल्यासारखं. पोपटीचं मडकं लाल राहिलं तर आतल्या शेंगा कच्च्या, एवढी साधी गोष्ट त्या फोटोवाल्याला कुणी सांगितलेली नसते. मी तो फोटो बघते, मनातल्या मनात नाक मुरडते आणि फोन बाजूला ठेवते.

यंदा तो फोटो बाबांनी पाहिला. माझे वडील आता माझ्याकडेच असतात. गॅलरीतल्या खुर्चीत बसून ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची कबुतरं बघत असतात. मी चहा द्यायला गेले, तर माझ्या हातातला फोन त्यांनी डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि परत दिला.

"मडकं काळं नाय," ते म्हणाले.

एवढंच. पण ज्या माणसाने दोन-तीन वर्षांत खाण्याच्या कुठल्याही गोष्टीबद्दल चकार शब्द काढलेला नाही, त्याने एवढं म्हटलं तरी घरात काहीतरी हलल्यासारखं होतं. चहा निवेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

आमचं गाव खालापूर तालुक्यातलं, पाताळगंगेच्या काठचं. भात कापून झालं की त्याच शेतात, मातीत राहिलेल्या ओलीवर वाल पेरायचे. पौषात त्याच्या शेंगा भरतात. मग एखाद्या संध्याकाळी भाऊबंद पोपटीला शेतात जमतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. हा पाला बांधाबांधावर उगवतो, त्याला उग्र, ओव्यासारखा वास असतो. वर मीठ चोळलेल्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, रताळी, वर पुन्हा पाला ठासून मडक्याचं तोंड बंद करायचं. मग ते मडकं जमिनीवर उलटं ठेवून त्याच्यावर पेंढा, शेण्या, वाळकी लाकडं रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. आत काय चाललंय ते दिसत नाही, झाकण उघडून बघता येत नाही. सगळी भिस्त नाकावर. जाळातून पाल्याचा आणि शेंगांचा मिळून एक वास सुटतो, तो सुटला की मडकं ओढायचं. त्याच्या आधी ओढलं तर कच्चं, नंतर ओढलं तर कोळसा.

आमच्या भावकीत वास सुटल्याचं सांगायचा मान बाबांचा होता. मान म्हणजे काही पागोटं नव्हतं, पण 'सुटला' हा शब्द त्यांच्या तोंडून आल्याशिवाय कुणी मडक्याला हात लावत नसे. लहानपणी मला वाटायचं, बाबा म्हणतात म्हणून तो वास सुटतो. ते जाळापासून थोडे लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उकिडवे बसत, डोळे मिटत, आणि बाकीचे गप्पा मारतामारता त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत असत. मग ते म्हणत, "सुटला रं." की सगळे उठलेच.

बाबा रसायनीच्या एका कंपनीत कामाला होते. शेती सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, बाकी वेळ कंपनी. त्यांच्या खात्यात कसलासा पिवळट वाफारा असायचा. नवा माणूस आला की त्याला जुने लोक सांगत, पहिल्या वर्षी वास येतो, मग सवय होते. बाबा घरी येऊन हे हसत हसत सांगायचे. सवय होते म्हणजे नेमकं काय होतं, ते तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मी कर्जतला कॉलेजात जात होते त्या वर्षीची पोपटी मला तपशिलासकट आठवते. हवेत बोचरी थंडी होती, नदीवरून धुकं यायला लागलं होतं. जाळ बसला, निखारे राहिले. आणि मला वास आला. माझ्या शेजारी बसलेल्या चुलतबहिणीला आला, तिने माझ्या दंडाला चिमटा काढला. समोर बसलेल्या नानाकाकांनाही आला असणार, कारण ते पुढे सरकून बसले. नानाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ.

"काय दादा, सुटला का?" त्यांनी विचारलं.

बाबांनी डोळे मिटलेले तसेच ठेवले. "थांब रं. अजून नाय."

आम्ही थांबलो. वास दाट झाला, मग त्याला एक कडवट कड आली. नानाकाकांनी पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, "घाई नको करूस. नाय अजून." इतक्या माणसांत एकही जण उठून मडकं ओढायला गेला नाही. ज्याच्या शब्दावर वर्षानुवर्षं उठलो, त्याच्या शब्दाआधी कसं उठायचं? करपल्याचा वास सगळ्या शेतात पसरला आणि आम्ही सगळे मान खाली घालून निखाऱ्याकडे बघत बसलो. आई बांधावर उभी होती. ती निखाऱ्याकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "अवो, ओढा आता. शेरडं घरी न्यायची हायत." शेरडं केव्हाच घरी बांधलेली होती.

मडकं फोडलं, तर आत कोळसा. शेंगा काळ्या, अंड्यांची टरफलं काळी, रताळ्याची नुसती सालपटं. बाबांनी एक शेंग उचलली, फोडली, आतले काळे दाणे तोंडात टाकले आणि कडाकडा चावत म्हणाले, "करपलेलंच बरं लागतं. नुसतं शिजलेलं आता लागतच नाय मला." मग सगळे हसले, सुटल्यासारखे हसले. नानाकाका म्हणाले, पुढच्या वर्षी दादाला मडकंच खायला द्या. आई तेवढी हसली नाही. तिने ते वाक्य जसंच्या तसं उचललं आणि पदराला गाठ मारून घरी आणलं.

आमच्या घरात दुखणं तोंडाने बोलत नसत. नाव घेतलं की ते मुक्कामाला येतं, असं आईचं म्हणणं. त्यामुळे बाबांच्या नाकाबद्दल आमच्याकडे कधीही, एकदाही बोलणं झालं नाही. झालं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी ताटात आलेला बांगडा काळा होता.

काळं करणं आणि करपवणं यात फरक आहे. तो आईने मला शिकवला आणि नंतर मला तो दुसऱ्या कुठल्याही घरात सापडला नाही. बांगडा साफ करून त्याच्या दोन्ही अंगांना खाचा मारायच्या. ठेचलेला लसूण, घरचा तिखट मसाला, मीठ आणि आमसुलाचं आगळ एकत्र करून ते खाचांतून आतपर्यंत भरायचं. मग मासा तसाच वाऱ्यावर ठेवायचा, मसाला ओला राहता कामा नये. तिकडे चुलीवर बिडाचा तवा चढवायचा आणि विसरून जायचं. तवा तापतो, मग आणखी तापतो, आणि एक वेळ अशी येते की काळा तवा मधोमध पांढुरका दिसायला लागतो. तेव्हा माशाला तेलाचा हात पुसून तो तव्यावर टाकायचा. असा धूर उठतो की शेजारच्या घरातली पोरं खोकत बाहेर येतात. तरी हलवायचा नाही. हिंमत लागते ती इथे. मसाला लाल, मग तपकिरी, मग काळा होतो, त्याचं कडक कवच धरतं, आणि आतला मासा मात्र पांढराशुभ्र, वाफाळता राहतो. "मसाला जळाला तर काळं, मासा जळाला तर करपलं," आई म्हणायची. या दोघांच्या मधे पापणी लवेल एवढाच वेळ असतो, आणि तो ओळखायचा नाकाने. तिचं नाक शेवटपर्यंत तिखट होतं. त्या घरात दोघांचं मिळून एकच नाक होतं म्हणा ना.

त्या पहिल्या काळ्या बांगड्याचा घास घेऊन बाबा क्षणभर थांबले. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराने डोळे पुसत उभी होती, धुराने लाल झालेले डोळे. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज लागलं गं."

तेव्हा कुठे ती जेवायला बसली. त्यानंतर ते रोजचंच झालं. बाबांनी पहिला घास घ्यायचा, आईने दारात उभं राहायचं, बाबांनी 'लागलं' म्हणायचं, मग तिने आपलं ताट घ्यायचं. एखाद्या दिवशी ते नुसतं 'ठीक हाय' म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी मासा आणखी काळा. वाटणातला कांदा पूर्वी गुलाबी भाजायचा, तो आता निखाऱ्यात पुरून काळा काढायचा. सुकं खोबरं थेट जाळावर धरायचं, ते मशालीसारखं पेटलं की फुंकर मारून विझवायचं. वांगं, टोमॅटो, हिरव्या मिरच्या, सुके बोंबील, तांदळाच्या भाकरीचा वरचा पापुद्राही. एकदा तिने भेंडी काळी करायचा घाट घातला होता, ती मात्र कोंबड्यांनीही खाल्ली नाही. नानाकाकांची बायको म्हणायची, "वैनी, कोळसा उगाळावा तेवढा काळाच, तुमी अजून किती उगाळताय?" आई म्हणायची, "तुझ्या ताटात नाय ना घालत? मग तू कशाला काळी पडतेस?"

वर्षागणिक आमच्या घरचं जेवण काळं होत गेलं. मला त्याचं काही वाटत नसे, कारण सगळ्यांच्या घरी असंच असतं अशी माझी समजूत होती. कॉलेजात डबा उघडला की मैत्रिणी म्हणायच्या, तुमच्याकडे रोज आग लागते का गं? पुढे लग्न झालं, सासरी पहिल्यांदा बांगड्याचं कालवण खाल्लं आणि वाटलं, यांचा स्वयंपाक अर्ध्यातच राहिलाय. नवऱ्याला मी तसं म्हटलं. त्याचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं.

मासे शिळफाट्याहून यायचे. सलमाभाभी तिथे मासे विकायला बसायच्या. त्यांचं मूळ गाव खाली समुद्राकडे, माल पहाटे टेंपोने यायचा. आईची आणि त्यांची मैत्री बांगड्यावरच जमलेली. बाकीच्या बायका माशाचा डोळा बघतात, कल्ले उघडून बघतात. आई पाठीवर बोट दाबायची, कारण पाठ जाड असेल तरच मासा तिचा जाळ सोसणार. सलमाभाभी पाटी उतरली की जाड पाठीचे बांगडे आधीच बाजूला काढून ओल्या फडक्याखाली ठेवायच्या आणि कुणी मागितले तर सांगायच्या, "वो बिके हुए हैं. काळे होणारेत ते."

आईचा खोकला कधी सुरू झाला ते कुणालाच सांगता येणार नाही. खोकला हा त्या स्वयंपाकघराचाच आवाज होता, भांड्यांसारखा. मला तो ऐकू यायला लागला तो फार उशिरा. मी नेरळला राहायला आले होते, शनिवार-रविवारी गावी जायचे. त्या पौषात गेले, तर आई मागच्या पायरीवर बसलेली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढे काढून श्वास घेत होती. नुसती बसून. ओठांच्या कडा जांभळट दिसत होत्या. मला बघून म्हणाली, "काय नाय गं, जरा दम खाते." तेवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं.

खोपोलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, फुंकायला लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बिडी ओढता का आजी?" आईने त्यांच्याकडे असं बघितलं की तो बिचारा घोटभर पाणीच प्यायला. मग त्याने समजावून सांगितलं. चुलीचा धूर, वर्षानुवर्षांचा, छातीत घर करून बसला होता. गेलेलं परत यायचं नव्हतं, उरलेलं राखायचं होतं. यापुढे धुराजवळ जायचं नाही, अजिबात नाही. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनाकडे बघत होते.

घरात गॅस होता. मीच आणून दिलेला. आई त्यावर चहा करायची, दूध तापवायची. पण बिडाचा तवा गॅसवर पांढुरका व्हायला फार वेळ लागतो, आणि झाला तरी धूर घरभर कोंडतो. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावर तिने आपल्या परीने तोड काढली. तीन दगड परसात मांडले आणि मासा बाहेर, मोकळ्यावर काळा करायला लागली. म्हणाली, "डाक्टर बोलला घरात धूर नको. घरात कुठं हाय?" आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बाहेर वारा फिरायचा आणि सगळा धूर तिच्या तोंडावर यायचा. ती एका हाताने पदर नाकाला लावायची, मग पदर काढायची, कारण वास घेतल्याशिवाय तिला काळं कुठे थांबवायचं ते कळत नसे. श्वास घ्यायला जड जात होता, आणि तिला तो घ्यायचा होता त्या धुरातूनच.

बाबा निवृत्त होऊन घरी होते. आई परसात मासा करत असली की ते माजघरातून परसाच्या दारापर्यंत यायचे, उभे राहायचे आणि परत जायचे. त्या हिवाळ्यात त्यांनी ती फेरी किती वेळा घातली असेल. मला तेव्हा वाटायचं, म्हातारपणी माणसं अशी फिरतातच.

त्या दिवशी मीही घरात होते. दुपार होती, अंगणात वालाच्या शेंगा वाळत टाकल्या होत्या. आईने ताट आणलं, भिंतीला धरत धरत. ते बाबांसमोर ठेवलं आणि दारात जाऊन उभी राहिली. चौकटीला टेकली म्हणजे. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. बाबांनी बांगड्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला, गिळला. आणि बोलले नाहीत.

"लागलं नाय?" आईने विचारलं.

"उद्यापासून नको करूस."

"का? कमी पडला का आज? वाऱ्यानं तवा नीट नाय तापला."

"नाय, तसं नाय." बाबांनी ताट हाताने थोडं पुढे सरकवलं. "मला लागत नाय कायच. ती पोपटी करपली ना, त्याच्याही आधीपासनं. नाक मेलंय माझं. कोळसा खातोय का माती खातोय, मला समजत नाय. कदीच नाय समजलं. तू उगाच करत ऱ्हायलीस."

मला वाटलं, आई ओरडेल. तिची जीभ काही कमी नव्हती, आणि ओरडायला कारणही होतं. पण तिने चौकटीचा हात सोडला. मग हळूहळू येऊन ताटासमोर बसली, ते आपल्याकडे ओढलं आणि तो बांगडा खायला लागली. सावकाश, काटे काढत, काळं कवचसुद्धा बोटाने खरवडून तिने सगळा मासा संपवला. बाबा समोर बसून होते. मी काय करावं ते न सुचून पाणी आणायला उठले, आणि पाणी घेऊन आत यायचं विसरले.

जेवण झाल्यावर तिने तवा घासायला घेतला. बिडाचा तवा घासत नसतात. त्याच्यावर वर्षानुवर्षं तेलाचं आणि जाळाचं काळं पुट चढलेलं असतं, तेच त्याचं अंग. तो नुसता पुसून ठेवायचा. आईने राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि मोरीत बसून घासत राहिली. मधेमधे थांबून श्वास घ्यायची, परत घासायची. मी म्हटलं, "आई, दे मी करते." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." तव्याचा करडा, उघडा लोखंडी रंग दिसायला लागेपर्यंत ती थांबली नाही. मग तिने तो धुतला आणि ओलाच परसाच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. शिमग्यापर्यंत तो तांबड्या गंजाने भरला.

त्यानंतर आमच्या घरचं जेवण पांढरं झालं. भात, वरण, दूध, उकडलेला बटाटा. धूर संपला, डॉक्टर खूश झाले. आई वाद घालेनाशी झाली, नानाकाकांच्या बायकोने चिडवलं तरी उलट बोलेनाशी झाली. ती बाबांच्या आधीच जेवून घ्यायची, भूक लागली म्हणायची. बाबा जेवत असताना ती दारात यायची नाही. शिळफाट्याला बांगडे फडक्याखाली राहिले असतील काही दिवस, मग सलमाभाभींनीही ते ठेवणं सोडलं असेल.

आषाढात ती गेली. श्वासाचंच निमित्त झालं. बाबा लवकर बोलले असते तर ती राहिली असती, असं मला कधी वाटायचं. आणि कधी वाटायचं, ते बोललेच नसते तर निदान ती भांडत भांडत गेली असती. हे मी बाबांना कधीच म्हटलं नाही. दुखणं आम्ही तोंडाने बोलत नाही.

बाबांना मी नेरळला घेऊन आले. त्यांच्या सामानात दोन धोतरं, टॉवेल, औषधांची पिशवी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. उघडलं, तर तो गंजका तवा. मी तो गॅलरीतल्या फळीवर, कुंड्यांच्या मागे ठेवून दिला. आणला कशाला, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तर यंदा पौषात, मडकं काळं नाही म्हणाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी मला हाक मारली. "वैशे, बांगडा मिळंल का गं?"

मी शिळफाट्याला गेले. बांगडा नेरळच्या बाजारातही मिळतो, पण गेले. सलमाभाभी अजून बसतात, आता त्यांची सून वजन करते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी एका बांगड्याच्या पाठीवर बोट दाबलं, तेव्हा त्यांनी चमकून वर बघितलं.

"तू तिची पोरगी ना गं? काळे करणारीची?" त्यांनी माझं बोट धरलं आणि सोडलं नाही. "मेरे को किसी ने बताया नहीं. दोन म्हैन्यांनी कळलं. मी रोज ठेवत होते तिच्यासाठी." मग सुनेला म्हणाल्या, "अगं, ते खालचे काढ. जाड पाठीचे."

घरी येऊन तवा काढला. गंज घासला, तेलाचा हात दिला, तापवला, पुन्हा तेल दिलं. एका दिवसात त्याचं अंग परत येत नाही, पण काळसर झाला. मसाला भरला, बांगडे गॅलरीत वाऱ्यावर ठेवले. दुपारी गॅस मोठा केला आणि तव्यावर नजर ठेवून उभी राहिले. पांढुरका व्हायला खरंच फार वेळ लागला. चिमणी चालू केली, खिडकी उघडली. मासा टाकला, आणि तो ओळखीचा धूर उठला. चिमणीने तो घोंगावत ओढून घ्यायला सुरुवात केली.

मागे काठीचा आवाज आला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तिथून ते आत आले, अगदी गॅसपाशी.

"तो पंखा बंद कर," ते म्हणाले.

"बाबा, धूर कोंडेल."

"कर गं बंद."

मी बंद केला. खिडकीही त्यांनी स्वतः लावली. धूर खाली उतरला, ओट्यावर, आमच्या तोंडावर. मला ठसका लागला. बाबांनी मान पुढे केली, जशी पोपटीच्या जाळासमोर करायचे, पण डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवले. त्यांतून पाणी यायला लागलं आणि गालांवरून खाली गळ्यापर्यंत गेलं.

"हे येत होतं मला," ते म्हणाले.

"काय? वास?"

"वास नाय. वास मेला तो मेलाच." त्यांनी डोळ्यांकडे बोट केलं, मग गळ्याकडे. "हे झोंबायचं. इथं खवखवायचं. कंपनीतनं दमून आलो, दारात पाय ठेवला न डोळं झोंबलं, की समजायचं, ही आत हाय. माझ्यासाठी करतेय कायतरी. घास घेतला की डोळ्यांत पानी. मला तेवढंच लागायचं, पन लागायचं गं."

मी तव्याकडे बघायचं विसरले होते. "मग तिला सांगितलंत ते? कधीच काही लागलं नाही म्हणून?"

"ते खोटं." ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "रोज लागलं म्हनायचो ते खरं होतं. त्या दिवशी खोटं बोललो. नायतर थांबली असती का ती? तुला ठाऊक हाय तुझी आई." ते तव्याकडे वळले. "मला वाटलं, थांबंल, बरी होईल, मग सांगू. ती तेच खरं धरून गेली."

माझ्या नाकाला करपल्याचा वास आला. मासा उलटला, तर एका बाजूने काळ्याच्या पुढे गेला होता. आईने असा बांगडा कुणासमोर ठेवला नसता. मी दुसरा करते म्हटलं, तर ते नको म्हणाले आणि जाऊन टेबलाशी बसले. मी ताट नेऊन ठेवलं. माघारी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पाय तिथेच थांबले, मी ठरवून काही केलं नाही. धूर माझ्या मागून त्यांच्यापर्यंत जात होता.

बाबांनी तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला. डोळे अजून वाहत होते, त्यांनी पुसले नाहीत. मग दाराकडे बघून म्हणाले, "आज लागलं गं."

त्यानंतर मी माझं ताट घेतलं आणि जेवायला बसले.